शेजारचं गिऱ्हाईक सोडू नकोस
दादर, मुंबई

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. वाशीच्या कांदा-निर्यातीच्या ऑफिसात लागून वर्ष व्हायच्या आत बांगलादेश-श्रीलंकेच्या गिऱ्हाइकांना कंटाळलीस आणि आता नुसती दुबई धरायची म्हणतेस. वर ‘सार्क तर केव्हाच संपलं’ असंही लिहिलंयस, म्हणजे आपला दक्षिण आशियाई देशांचा गट. तसं म्हणायला जागा आहे. शेवटची शिखर परिषद झाली २०१४ साली काठमांडूत. २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली ती झालीच. साफ्टा, म्हणजे या देशांचा मुक्त व्यापार करार, २००६ पासून लागू आहे, तरी दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आसियानवाले, म्हणजे आग्नेय आशियातले देश, २५ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण तू कांदा विकतेस, परिषदा नाही.

ड्युटीचं गणित तुला चांगलं येतं, म्हणून तू सगळं तिथेच शोधतेस. बांगलादेशसारख्या अल्पविकसित देशांसाठी आपण २०११ मध्येच संवेदनशील यादी, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या मालाची यादी, २५ वस्तूंवर आणली. बाकी मालाला साफ्टाखाली सीमाशुल्क शून्य. तिथले शर्ट बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यातून ट्रकने येत होते. १७ मे २०२५ ला अधिसूचना निघाली: बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या कुठल्याही नाक्यातून येणार नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. ड्युटी एक पैसा वाढली नाही, वाट मात्र समुद्रातून वळसा घालून गेली. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या सुताला जमिनीचे नाके बंद केले होते, आणि त्याच्याही आधी आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या बंदर-विमानतळांतून तिसऱ्या देशात माल धाडायची, सवलत काढली होती. सुरुवात कोणी केली यावर बॅलार्ड इस्टेटच्या टपरीवर दोन चहा आरामात होतात. निष्पन्न काही होत नाही.

कांद्यात हेच जास्त झोंबतं, कारण तो थांबत नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली. चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हसतहसत म्हणाल्या. मागणं एवढंच, की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा तेच. लासलगाव-पिंपळगावचा माल भरलेले ट्रक बंगालच्या सीमेवर उभे राहिले. गोणीत हवा लागली नाही की खालच्या थराला पाणी सुटतं, मग वास, आणि मग पलीकडचा व्यापारी फुकटही घेत नाही. ढाक्याने मग तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार असा मिळेल तिथून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवायला घेतली. त्या गिऱ्हाइकाला तू दोष देणार? मी नाही देत. आमच्या धंद्यात ‘बांगलादेशवाले बेभरवशाचे’ म्हणायची फॅशन आहे. त्यांच्या बाजूने आपण कसे दिसतो हे कोणी विचारत नाही.

उलट बाजूही बघ. नेपाळमध्ये सोयाबीन नावापुरतं पिकतं, पण तिथून रिफाइंड सोयाबीन तेल आपल्याकडे शून्य ड्युटीने येतं. कच्चं तेल परदेशातून कोलकात्याला उतरतं, नेपाळमध्ये शुद्ध होतं आणि परत इकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण तेलावरची ड्युटी वाढवल्यावर ही आवक एकदम फुगली. लातूरचा सोयाबीनवाला चिडतो तो उगाच नाही. म्हणूनच आयातदाराने मूळ देशाचा पुरावा स्वतःजवळ ठेवावा हा नियम २०२० पासून कडक झालाय. तू आयातीत हात घालशील तेव्हा नुसत्या ओरिजिन सर्टिफिकेटवर, म्हणजे माल कुठल्या देशाचा ते सांगणाऱ्या दाखल्यावर, विसंबू नकोस. कारखान्यात नक्की काय होतं ते विचार.

दुबई जरूर कर. पण ती साईज बघून, निवडून घेते. उरलेला मिसळ माल एवढ्या प्रमाणात उचलणारा ढाक्यासारखा दुसरा मला तरी माहीत नाही, आणि कोलंबो न्हावा शेवाहून जवळ. तेव्हा धोका आहे हे धरूनच धंदा बांध.

अधिसूचना हातात आली की पहिल्यांदा शेवट वाच. २०२० च्या बंदीत संक्रमणकाळाची सवलत, म्हणजे बंदीआधी ठरलेल्या सौद्यांना मिळणारी सूट, लागू नाही असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणजे आधी उघडलेली एलसी (पैशांची बँकेची हमी) असूनही उपयोग नाही. डिसेंबर २०२३ च्या बंदीत मात्र लोडिंग सुरू झालेला किंवा कस्टमच्या ताब्यात दिलेला माल सोडला. गोदामात पडून असलेला आणि कस्टमच्या सिस्टिममध्ये चढलेला कंटेनर यांतला फरक तेव्हा लाखांचा होता. भाव चढायची वाट बघत माल अडवून ठेवायची तुझ्या ऑफिसातल्या लोकांना सवय आहे, ती मला म्हणूनच पटत नाही.

कोलंबोचं कोटेशन पाहिलं. मुदत महिन्याची ठेवलीयस, ती सात दिवसांवर आण. सरकारी बंदी आली तर करार आपोआप रद्द, ही ओळही घाल. आणि ढाक्याच्या माणसाला आज फोन कर, ऑर्डर नसली तरी.

तुझा,
काका