मुलीने डोस विचारला, ते बरोबरच केलं

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये केसपेपरवर हाताने लिहिलेला इन्सुलिनचा डोस ६ आहे की ६०, हे तिला कळेना. तिने डॉक्टरांना विचारलं, तर ‘लिहिलंय ते दे, डोकं चालवू नकोस’ असं सगळ्यांदेखत ऐकावं लागलं. डोस ६ युनिटच होता. तेव्हापासून ती म्हणते, जन्मभर दुसऱ्यांच्या ऑर्डरीच पाळायच्या तर एवढं शिकायचं कशाला? नातेवाईकही तेच बोलतात. तिचा कोर्स बदलावा का? यात पुढे वाव आहे का?
– एक वडील

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर पाहू. आधी त्या डोसबद्दल बोलू. तुम्ही तो प्रसंग दोन-चार वाक्यांत उरकलात, पण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

आकड्यापुढे ‘युनिट’ न लिहिता घाईघाईत नुसतं ‘यू’ हे इंग्रजी अक्षर काढलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ६ चे ६० होतात. ही चूक जगभर इतकी ओळखीची आहे, की ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, असं औषध-सुरक्षिततेच्या नियमांत बजावलेलं असतं. दहापट इन्सुलिन गेलं तर साखर झपाट्याने उतरते, रुग्णाला दरदरून घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध पडतो. झोपेत असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टर लिहितात, फार्मसी औषध देते, पण सुई टोचणारा हात नर्सचा असतो आणि तिच्यानंतर तपासायला कोणी उरत नाही. त्यामुळे तुमची मुलगी थांबली यात आगाऊपणा कसला? ते तिचं कामच होतं. डोस ६ निघाला म्हणून तिची शंका फुकट गेली, असंही समजू नका.

इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस या नर्सच्या संघटनांच्या जागतिक महासंघाची आचारसंहिता १९५३ पासून आहे. २०२१ मध्ये ती नव्याने सुधारली गेली. आपल्या कामाची जबाबदारी नर्सची स्वतःची आहे आणि सहकाऱ्यामुळे रुग्णाला धोका होत असेल तर तिने पाऊल उचलायला हवं, असं त्यात स्पष्ट आहे. ‘मला सांगितलं म्हणून मी दिलं’ एवढं म्हणून नर्सची सुटका होत नाही. ज्या पेशात माणूस स्वतः जबाबदार असतो, त्याला हुकमाची नोकरी कसं म्हणायचं?

अर्थात, ओरडा खावा लागणार नाही, असं मी सांगणार नाही. अनेक वॉर्डांत अजूनही चढ्या आवाजालाच अधिकार समजतात. पण विचारण्याचीही एक पद्धत असते आणि ती शिकता येते. ‘हे नीट दिसत नाहीये’ म्हणून थांबण्यापेक्षा रुग्ण कोण, त्याची आत्ताची साखर किती, शंका नेमकी काय आणि मला तुमच्याकडून काय हवंय, हे चार मुद्दे त्याच क्रमाने सांगायचे. मग डॉक्टरांकडून डोस तोंडी वदवून घ्यायचा, तो परत म्हणून दाखवायचा आणि ऑर्डर स्वच्छ लिहून मागायची. तरीही कोणी उडवून लावलं तर औषध न देता इनचार्ज सिस्टरकडे जायचं. विद्यार्थिनीने तर एकटीने वाद घालूच नये.

ऑर्डरी पाळणं हा नर्सच्या दिवसाचा एक भाग झाला. उरलेला भाग बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून नातेवाईक असं बोलतात. श्वास मोजण्याचंच घ्या. रुग्णाला न सांगता, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं. कंटाळून सगळ्यांच्या चार्टवर २० लिहून टाकणारेही असतात. पण प्रकृती बिघडण्याआधी पुष्कळदा श्वासाचा वेगच आधी वाढतो, बीपी त्यानंतर घसरतं. सकाळी १६ असलेला आकडा दुपारी २६ झाला, हे जिने खरोखर मोजलं तिलाच कळतं. कोणाला बोलवायचं, किती घाईने बोलवायचं, हेही तीच ठरवते. हे ठरवायला कोणी ऑर्डर लिहून देत नाही.

नातेवाईकांना आकडाच हवा असेल तर युरोपातल्या नऊ देशांतला, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगा. एका नर्सवर एक रुग्ण जास्त पडला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती ७ टक्क्यांनी कमी.

आता पुढच्या वाटांबद्दल. अतिदक्षता, डायलिसिस, जखमांची निगा, संसर्ग नियंत्रण, वेदनाशामक सेवा, अध्यापन, संशोधन असे बरेच रस्ते आहेत. रुग्ण तपासून उपचार ठरवणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. या भूमिकेला किती अधिकार आहेत, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. पण स्पेशलायझेशनची घाई नको. नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवख्यापासून निष्णातापर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली मधली, म्हणजे काम नीट जमू लागल्याची पायरी गाठायलाच एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं लागतात. बढती म्हणजे रुग्णापासून उठून टेबलामागे बसणं, हा समज मात्र मला अजिबात पटत नाही. वॉर्डातच राहून निष्णात होणं हीसुद्धा प्रगतीच आहे.

कोर्स बदलण्याआधी मुलीला एकच विचारा : तो प्रसंग वगळला तर रुग्णांजवळ वेळ घालवायला आवडतं का? आवडत नसेल तर खुशाल बदला, त्यात कमीपणा नाही. आवडत असेल तर अपमानामुळे निर्णय घेऊ नका. तिच्या ट्यूटरना भेटून, ‘चूक होता होता टळली’ अशी त्या घटनेची नोंद झाली का, हे तिने विचारावं. झाली नसेल तर तिनेच लिहून द्यावी : तारीख, वेळ, ऑर्डर कशी दिसत होती, तिने काय विचारलं. डॉक्टरांचं नाव घालायची गरज नाही, पण ‘यू’चा उल्लेख जरूर असू दे.