निवड कुणाची, किंमत कुणी मोजली?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कुमार वाचकांसाठीच्या डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे ज्यात भविष्यातली एखादी सत्ता माणसाचं जगणं आखून देते आणि पंधरा-सोळा वर्षांचं कुणीतरी त्या आखणीला अडखळतं, यावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली पाच घेतली आहेत. दोन-तीन गाजलेल्या पुस्तकांचे शेवट उत्तरांत उघड होतात. ज्यांनी ती वाचायची ठेवली आहेत त्यांनी तिसरं आणि चौथं उत्तर नंतर वाचावं.

प्रश्न : मी बारावीत आहे. २०९० सालच्या कोल्हापूरवर कादंबरी लिहितेय. पंचगंगेचं पाणी कायमचं चढलंय, लोक उंच इमारतींत राहतात आणि पंधराव्या वर्षी प्रत्येकाला मजला ठरवून दिला जातो. माझी नायिका पहिल्या मजल्यावरची. कार्यालयाच्या चुकीनं तिला नववा मजला मिळतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. मैत्रिणी म्हणतात, हिच्या बाबतीत सगळं नुसतं घडत जातं, ही काही करतच नाही. नेमकं काय बदलू?
– विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. तुमची गोष्ट सध्या तशी चालली आहे. कार्यालयाची चूक झाली, दरवाजा उघडला, नायिका वाहून नवव्या मजल्यावर गेली. धरणासाठी ही सोय उत्तम. कादंबरीत मात्र त्यामुळे नायिका पाण्यावरचा ओंडका होते.

आधी एक कोरडं काम करा. वहीत प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा आणि समोर 'हे कुणी ठरवलं?' याचं उत्तर लिहा. कार्यालय, योगायोग, आई, शत्रू, नायिका, जे असेल ते. पहिल्या दहा प्रसंगांत नायिकेचं नाव तीनदाही येत नसेल, तर मैत्रिणींचं म्हणणं खरं आहे. अशा वेळी नवे प्रसंग घालण्याचा मोह होतो. तो टाळा. आहे त्याच प्रसंगात निर्णय तिच्या हातात द्या.

आता किंमत. नवशिक्या हस्तलिखितांत सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. लेखकाला किंमत माहीत असते, वाचकाला ती निर्णयानंतर कळते, आणि मग निर्णय घेताना वाचकाच्या पोटात गोळा येत नाही. किंमत आधी दिसली पाहिजे आणि शक्यतो मोजता आली पाहिजे. 'द हंगर गेम्स' (२००८) मध्ये हे काम सोडतीच्या चिठ्ठ्या करतात; जिचं नाव निघेल तिला जिवावरच्या खेळात उतरावं लागतं. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दरवर्षी एक वाढते. गरिबाला जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं बेताचं धान्य आणि तेल मिळतं, आणि त्याही चिठ्ठ्या साठत जातात. नायिका कॅटनिस दरवर्षी स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी अशा तीन जादा चिठ्ठ्या घेते. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या चिठ्ठ्या होतात वीस. बारा वर्षांच्या धाकटीची असते एक. हा हिशेब सोडतीच्या आधी वाचकाच्या हातात असतो. म्हणून ती एकुलती चिठ्ठी निघते आणि थोरली तिच्या जागी पुढे होते, तेव्हा लेखिकेला एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. शिवाय त्या वीस चिठ्ठ्या आपल्याला आणखी एक गोष्ट सांगतात : ही मुलगी चार वर्षं घरच्यांसाठी स्वतःला थोडं थोडं विकतच आली आहे. त्या दिवशी तिचा स्वभाव बदलत नाही, उघडा पडतो.

तुमच्या मजल्यांना असाच एक हिशेब द्या. समजा, वरच्या मजल्यावर माणशी रोज २० लिटर पाणी, खाली ८. वर जायचं तर अर्जात 'एकत्र राहणाऱ्या व्यक्ती' अशी एक ओळ. तिथं आज्जीचं नाव लिहिलं तर मजला मिळत नाही. नाही लिहिलं तर तीस दिवसांनी आज्जीचा पाण्याचा वाटा बंद, कारण कागदावर तिला कुणी उरत नाही. आता कार्यालयाच्या चुकीची गरजच संपली. प्रसंग असा होईल :

*सातवी ओळ कोरी होती. आज्जी दाराशी बसून घागरीच्या तोंडाला फडकं बांधत होती.
"झाला का भरून कागद?" तिनं मान न वळवता विचारलं.
"भरतोय की."
मी पेन टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला. मग मी आडवी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"पेन चांगलं हाय का न्हाई?"
"चांगलं हाय."*

तिला इथं रडवू नका. 'माझ्या हातून काय घडलं हे' असलं वाक्यही नको. रेघ पुरेशी आहे.

या तुकड्यातलं 'भरतोय' मुद्दाम आहे. कोल्हापुरातल्या मुली सर्रास 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि बाहेरगावची माणसं हसतात, हे आपल्याला नवं नाही. नवव्या मजल्यावर गेल्यावर तिनं 'भरतेय' म्हणायला लागायचं. केव्हापासून ते सांगू नका, एका संवादात नुसतं येऊ द्या. पुढे कधीतरी ती अंधारात घसरते आणि तोंडून 'पडलो!' निघतं. ओळख बदलली, की फक्त झाकली गेली, हे सांगायला मराठीत एवढा एक प्रत्यय पुरतो. 'तू' आणि 'तुम्ही' यांचाही तसाच उपयोग करा. खालच्या मजल्यावरची जिवाभावाची मैत्रीण पुन्हा भेटते आणि तिला 'तुम्ही' म्हणते, यापेक्षा मोठी शिक्षा कुठलंही सरकार देऊ शकणार नाही.

आणि ही रेघ फार उशिरा ओढू देऊ नका. साठ हजार शब्दांची कादंबरी धरली तर मागे फिरता न येणारा पहिला निर्णय पंधरा हजारांच्या आत हवा. कॅटनिसचा तर दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच येतो.

प्रश्न : आपल्याकडे नशिबावर विश्वास आहे. मग निवडीनं नशीब बदलतं ही कल्पना परकी नाही का? नायक आधीच 'निवडलेला' असतो, असं दाखवणं सोपं आणि आपल्या मातीतलं वाटतं.
– वाचक, शाहूपुरी

उत्तर : सोपं आहे, मातीतलं नाही. आपल्याच परंपरेत कर्माचे तीन भाग सांगितले आहेत : साठलेलं ते संचित, त्यातलं भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता करतोय ते क्रियमाण. या कादंबऱ्यांना हा साचा चपखल बसतो. फरक एवढाच, की इथं प्रारब्ध सरकारी कचेरीत तयार होतं : जन्माचा जिल्हा, चाचणीचा निकाल, मजल्याचं कार्ड. ते नाकारून चालत नाही, भोगावंच लागतं. गोष्ट क्रियमाणाची असते.

'डायव्हर्जंट' (२०११) मध्ये सोळाव्या वर्षी चाचणी होते आणि समाजाच्या पाच गटांपैकी एक सुचवला जातो. नायिकेचा निकाल तीन गटांकडे झुकतो, म्हणजे चाचणी हात वर करते. दुसऱ्या दिवशी समारंभात तळहात कापून रक्ताचा थेंब निवडलेल्या गटाच्या भांड्यात पाडायचा असतो. तिच्या स्वतःच्या गटाच्या भांड्यात करडे दगड आहेत, धाडसी गटाच्या भांड्यात पेटते निखारे. तिचं रक्त निखाऱ्यांवर पडतं. आईबाप समोर बसलेले आहेत. पुढे नव्या गटात पहिली उडी तीच घेते आणि नाव विचारल्यावर बिएट्रिसची ट्रिस होते. आधी कृती, मग नाव, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

धोका नायिकेच्या त्या वेगळ्या निकालातच लपलेला आहे. नायकाचं वेगळेपण एकदा रक्तात किंवा जनुकांत आहे असं ठरलं, की त्याच्या निर्णयांचा भाव पडतो. तो धाडसी वागला कारण तसाच जन्मला, मग त्यात त्याचं काय? अशी मालिका पुढे खेचताना हे दुखणं बहुतेकांना जडतं.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तास चाळीस मिनिटांचा, वर्गात साठ मुलं. पात्राच्या निवडीवर चर्चा लावली की मुलं 'बरोबर केलं', 'चुकीचं केलं' यापलीकडे जात नाहीत. काही ठोस पद्धत सांगाल का?
– शिक्षिका, कळंबा

उत्तर : 'बरोबर की चूक' हा प्रश्नच बाजूला ठेवा. मुलं बाईंना आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी निर्णयाच्या ऐन आधी वाचन थांबवा. 'द गिव्हर' (१९९३) घ्या, पुस्तक लहान आहे. त्यातल्या वस्तीत बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून दिलं जातं. जोनासला सगळ्या जगाच्या आठवणी सांभाळायचं काम मिळतं. यात त्याची निवड काहीच नाही. निवड येते शेवटाकडे. वस्ती सोडायची योजना ठरलेली असते, तिला दोन आठवडे अवकाश असतो, आणि एका संध्याकाळी कळतं की घरात सांभाळायला आणलेल्या गेब्रिएल या तान्ह्याला सकाळी 'मुक्त' करणार. 'मुक्त' म्हणजे ठार, हे जोनासनं नुकतंच पाहिलेलं आहे.

इथं पुस्तक मिटा. पहिली आठ मिनिटं प्रत्येकानं वहीत चार गोष्टी लिहायच्या : आज रात्री गेला तर हातातून काय जातं, थांबला तर काय जातं, दोन्हींची झळ आणखी कुणाला बसते, आणि कुठली गोष्ट परत फिरवता येणार नाही. मत लिहायचं नाही. पुढची बारा मिनिटं सहा-सहांचे दहा गट करा. प्रत्येक गटानं एकच सगळ्यात महाग किंमत निवडायची आणि तिला मजकुरातली ओळ दाखवायची. ओळ नसेल तर किंमत बाद. दहा मिनिटं गटांची, एकेकाला एक मिनिट. उरलेल्या दहात पुढचा मजकूर वाचा.

त्यात एक बारीक गोष्ट मुलांना शोधू द्या. जोनास स्वतःची सायकल सोडून वडिलांची घेतो. कारण तिला मागे लहान मुलाची बैठक आहे. या एका तपशिलात त्याची चोरी आहे, बापाशी तुटलेलं नातं आहे आणि तो आता कोण झाला हेही आहे. योजना लवकर मोडल्यामुळे आठवणी आधी सांभाळणाऱ्या वृद्धाकडून प्रवासासाठी मिळणार होत्या त्या धैर्याच्या आठवणीही त्याला मिळत नाहीत. ते बिल पुढे त्याला उपाशी पोटी भरावं लागतं.

एक फसगत सांगून ठेवतो : गट आठ-दहा जणांचे झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. सहाच्या वर जाऊ नका.

प्रश्न : माझ्या कादंबरीच्या शेवटी नायक सत्ता उलथवतो. वाचून बघणाऱ्याला तो शेवट 'फिल्मी' वाटला. का?
– वाचक, इचलकरंजी

उत्तर : बहुधा शेवटची लढाई आहे, शेवटचा निर्णय नाही. शत्रूला मारणं हा निर्णय होत नाही, कारण दुसरा पर्याय कुणालाच नको असतो. 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग पाहा. जुन्या हुकूमशहाला बाण मारण्याचा मान कॅटनिसला मिळतो आणि ती बाण सोडते तो बंडाच्या नेत्या असलेल्या नव्या अध्यक्षांवर. ज्यांच्या बाजूनं लढली त्यांच्यातच तोच रोग ओळखायचा, ही खरी जड निवड. त्यानंतर ती विजयी वगैरे दिसत नाही. खचलेली, गावाकडे परतलेली दिसते.

तुमच्या हस्तलिखितातल्या शेवटच्या पन्नास पानांत नायकाला स्वतःच्या बाजूच्या कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं का, ते तपासा. नसेल तर बंडाच्या गोटातला एक चांगला माणूस थोडा कमी चांगला करा. दोन मुलांपैकी कोण, हा प्रेमाचा त्रिकोण आमच्या मते या जागी पुरत नाही. ते दोघं जगण्याच्या दोन वाटा असतील तरच तो निर्णय. एरवी ती नुसती आवड.

प्रश्न : भविष्यातलं कोल्हापूर लिहिताना रंकाळा, राजाराम बंधारा ही खरी नावं ठेवावीत की बदलावीत?
– वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ठेवा, आणि आकड्यांसकट ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. फूट-इंचांचे निरोप मोबाइलवर घरोघर फिरत असतात. हा आयता हिशेब आहे, नवा शोधायची गरज नाही.

पात्राचा निर्णय या चार फुटांतच बसवा. ३९ च्या खाली कुणी घर सोडत नाही, त्यामुळे निवड नाही. ४३ च्या वर बोट येऊन उचलून नेते, म्हणजे तिथंही नाही. मधल्या वेळात म्हशी सोडायच्या की बांधून ठेवायच्या, कपाटातले कागद घ्यायचे की शेजारच्या म्हाताऱ्याला पाठीवर घ्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पाणी इंचाइंचानं चढवा आणि प्रत्येक इंचाला एक पर्याय कमी करत न्या. ४१ फुटांवर म्हशींचं ठरलेलं असावं. ४२ ला कागदांचं. म्हातारा शेवटी ठेवा, आणि तो स्वतः 'जा रे, मी बसतो हितंच' म्हणू दे.