बेल वाजली तरी

"विमान हलायला लागलं की जीव घशाशी येतो, काय करू?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर मी झोपेतही देईन. टर्ब्युलन्स म्हणजे हवेच्या प्रवाहातली उलथापालथ. आपण 'एअर पॉकेट' म्हणतो, पण हवेत खड्डाबिड्डा काही नसतो. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो, त्याच्या दीडपट भार पेलतील असेच पंख बनवावे लागतात. ते लवतात, मोडत नाहीत. बऱ्याच जणांना एवढ्यानेच हायसं वाटतं.

तिला नाही वाटलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय तिशीचं, केबिन क्रूमध्ये आठ वर्षं. सोबत आई आल्या होत्या आणि खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्हीच हिला सांगा, सोड म्हणावं ती नोकरी. पाय मोडून घेतला तेवढा बास झाला." चार महिन्यांपूर्वी ती गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, उभी असताना विमान एकदम खाली गेलं. ती छताला आपटून खाली आली आणि उजवा घोटा मोडला. हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं सांगितलंही होतं. पण लिफ्ट थांबताना जरासा हिसका बसला तरी तिला दरदरून घाम फुटायचा.

मी माझं पाठ असलेलं भाषण सुरू केलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे मी प्रवाशांना रोज सांगते."

मला हसू आलं आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखंही झालं. विमान पडेल ही तिची भीती नव्हतीच. विमानाला काही होत नाही, आतला माणूस उडतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे आकडे तिनेच मला सांगितले: 2009 ते 2022 या काळात टर्ब्युलन्समुळे 163 जण गंभीर जखमी झाले, त्यातले 129 क्रूमधले. प्रवासी पट्टा बांधून बसलेले असतात, क्रू उभा असतो. त्यातून निरभ्र आकाशातला टर्ब्युलन्स हवामान रडारवर उमटत नाही, त्यामुळे कधी कधी आधी कळायचं काही साधनच नसतं. म्हणजे तिच्या भीतीला आधार होता. अशा माणसाला 'काही होत नाही गं' म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा झाला असता.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नव्हती. बोलताना ती पाठ ताठ ठेवून, पाय जमिनीला टेकवून आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसायची. मला वाटलं, अवघडलीय. एकदा विचारलंच. म्हणाली, "जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, असंच बसायचं असतं. हात मोकळे राहिले की उडतात." माझ्या खोलीतली खुर्चीसुद्धा तिच्यासाठी जंप सीट झाली होती.

मग आम्ही तो प्रसंग सावकाश, सेकंदासेकंदाने सांगायला घेतला. दोन बैठकांत ती एका जागी उडी मारून पुढे जायची. तिसऱ्या बैठकीत ती थांबली. सीटबेल्टचा दिवा लागला होता. कॅप्टनने क्रूला बसायला सांगितलं होतं. ती बसलीही होती. एवढ्यात बेल वाजली, कुणाला तरी पाणी हवं होतं. ती पट्टा सोडून उठली.

"पाणी द्यायला असा किती वेळ लागतो, असं वाटलं," ती म्हणाली. "हे मी घरी सांगितलेलं नाही."

खरी गाठ इथे होती. आपण उठलो याची लाज आणि पुन्हा बेल वाजली तर पुन्हा उठू ही धास्ती. 'तुझी काहीच चूक नाही' असं मी म्हटलं नाही. तिचा त्यावर विश्वास बसला नसता, आणि पुढे माझ्यावरही. त्याऐवजी 21 मे 2024 ची गोष्ट काढली. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर हादरा बसला, एका प्रवाशाचा जीव गेला. प्राथमिक चौकशीनुसार सीटबेल्टचा दिवा लागल्याचं वैमानिकाने म्हटलं आणि आठ सेकंदांत सगळ्यात जोराचे हिसके सुरू झाले. ते 4.6 सेकंदांत आटोपले. तिने डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागली: ट्रॉलीचा ब्रेक, गरम कॉफीचं भांडं आत, सीट खाली, खांद्याचे पट्टे. आठ कधीच उलटून गेले.

त्या घटनेनंतर त्या कंपनीने दिवा लागलेला असताना जेवण देणंही थांबवलं, गरम पेयं तर आधीपासूनच बंद होती. मला हे फार मोलाचं वाटतं. वरून नियम आला की बसून राहणं आळस ठरत नाही. पण असा नियम असला तरी बेल वाजवणारा माणूस समोर असतोच, आणि वर्षानुवर्षं हसून उठायची सवय अंगात मुरलेली असते.

लिफ्ट, मग बसमधून उभ्याने प्रवास, मग प्रवासी म्हणून एक विमानप्रवास, हे टप्पे ठरल्याप्रमाणे पार पडले. जास्त वेळ गेला तो एका वाक्यात. मी प्रवासी व्हायचे, पेनाने कपावर टणटण करायचे आणि पाणी मागायचे. (जरा जास्तच खाष्ट प्रवासी झाले, कबूल करते.) पहिल्यांदा तिच्या उत्तरात तीन वेळा 'सॉरी' आलं, आणि तिसऱ्याला ती खुर्चीतून अर्धी उठलीच. एकेक सॉरी काढत शेवटी एवढंच उरलं: "दिवा लागलाय. तो बंद झाला की पाणी आणते." बसल्या जागेवरून, मोठ्याने.

नोकरी सोडायची की नाही, यावर मी मत दिलं नाही. घाम फुटलेला असताना असले निर्णय घेऊ नयेत, एवढंच म्हटलं. ती कामावर परतली. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला: "आज दोनदा बेल वाजली. नाही उठले. उतरताना तो माणूस थँक्यूसुद्धा म्हणाला नाही."

आई मात्र अजून रात्र रात्र मोबाइलवर तिचं विमान नकाशावर सरकताना बघत बसतात. पुढच्या बुधवारची वेळ त्यांनी घेतलीय, फक्त स्वतःसाठी.