सोळा घरांत दादरा बसत नाही

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मराठी अभंग आणि कन्नड वचने दोन्ही गातात. सरावाला तबलजी नसले की लॅपटॉपवर स्टेप सिक्वेन्सरने (एका ओळीतल्या घरांत बोल भरून ठेका वाजवणाऱ्या प्रोग्रामने) ठेका लावतो. केरवा ताल छान चालतो, पण दादरा तालात पहिल्या आवर्तनानंतरच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते. असे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बोल बरोबर असतील, पॅटर्नची लांबी तपासा; ती बहुधा १६ घरांची असेल. एका मात्रेला दोन घरे दिली, तर केरव्याच्या ८ मात्रांना १६ घरे लागतात आणि पॅटर्न नेमका भरतो. दादऱ्याच्या ६ मात्रांना १२ पुरतात. उरलेली चार घरे म्हणजे दोन मात्रा. ती रिकामी ठेवली तर खड्डा पडतो, 'धा धी' घालून भरली तर आवर्तन मध्येच तुटून पुन्हा समेवर येते.

लांबी १२ करा. तशी सोय नसेल तर ताल (टाइम सिग्नेचर) ३/४ निवडा, तीन ठोक्यांना प्रत्येकी चार अशी १२ घरे मिळतात. मग 'धा धी ना, धा ती ना' असे मांडा ('धा' म्हणजे 'ना' आणि डग्गा एकत्र, 'धी' म्हणजे 'ती' आणि डग्गा एकत्र) : उजव्या तबल्याच्या किनारीवरचा 'ना' १, ५, ७, ११ वर, 'ती' ३ आणि ९ वर, डग्गा फक्त १, ३, ७ वर. नवव्या घरात डग्गा घातला की 'ती'चा 'धी' होतो आणि ठेक्याचा तोल जातो. ही चूक फार जण करतात.

सिक्वेन्सर चार घरांचा एक ठोका मोजतो. म्हणून मिनिटाला १४० मात्रांची लय हवी असेल तर बीपीएम (मिनिटाला ठोके) ७० ठेवा. स्विंग ५० म्हणजे सरळ चाल. ५४ ते ५८ दरम्यान ठेका सैल, गाता येण्याजोगा होतो. स्विंग २, ४, ६ अशा सम क्रमांकाची घरे थोडी उशिरा वाजवतो, त्यामुळे मुख्य बोल जागेवर राहतात आणि फक्त मधल्या भरणीचे बोल सरकतात. एका मात्रेला एकच घर दिले असेल, तर मात्र निम्म्या मात्रा लंगडतात.

प्रश्न : लेझीमच्या सरावासाठी हलगी लावली, पण ती यंत्रासारखी टकटकते.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : एकच सॅम्पल (ध्वनिमुद्रित ठोका) एकाच जोराने वाजते आहे. हलगी दोन काठ्यांची; जाड आणि बारीक काठीचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १२७ पैकी समेला ११० च्या आसपास, मधल्या ठोक्यांना ७० ते ८५, बारीक काठीच्या भरणीला ३५ ते ५० ठेवा. प्रत्येक आवाजाची दोन-तीन सॅम्पल आलटून पालटून वापरा. जोराचे ठोके मात्र वेळेत मागेपुढे हलवू नका, पावले त्यांवरच पडतात.