मोहाच्या झाडाखालची गोष्ट

पोरी, तुझ्या चित्रांच्या पुस्तकाची वही दोनदा पाहिली. रेषा चांगली आहे तुझी. पण चित्रात झाड सफरचंदाचं आहे, आणि तुझ्या वावराच्या बांधावर उभा आहे मोह! मार्च-एप्रिलात पहाटे तिथं जा. फुलं गळताना टपटप आवाज येतो, तो ऐक. वेचणाऱ्या पोट्ट्यांचे हात कसे वळतात ते पेन्सिलीनं पटापट उतरव. खोडू नको.

तान्ह्या पोळ्यालाही, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणालाही, वही घेऊन जा. सजवलेल्या बैलांच्या रांगेत एखाद्याच्या लाकडी बैलाचं चाक निखळलेलं असतं. त्या पोराचा चेहरा बघ, गोष्ट तिथंच सुरू होते.

चित्रांचं पुस्तक बरेचदा ३२ पानांचं असतं, कारण छपाईत १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला मोठा कागद, धरला तर दोन फर्म्यांत ते बसतं. तू आठ कोरे कागद मधोमध दुमड, एकात एक घाल, झाली ३२ पानं. त्यात गोष्ट मांड. चाक निखळतं ते उजव्या पानाच्या शेवटी ठेव, पुढं काय झालं ते पान उलटल्यावरच दिसू दे. आणि चित्रात बैल लाल असेल तर ‘लाल बैल’ लिहू नको. मला हे कळायला फार वर्षं लागली.

वाचायला बालभारतीचं ‘किशोर’ घे. १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. एकाच चित्रकाराची चित्रं ओळीनं बघ.

मग कच्ची वही शाळेतल्या पोरांना वाचून दाखव. ज्या पानावर ती चुळबुळ करतील, तिथं खूण कर.