चोरीला गेलेल्या पैशाचे हप्ते

प्रश्न: माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. कॅलिफोर्नियात राहतो, व्यावसायिक टेनिस खेळतो. त्याचा शाळेपासूनचा मित्र गेली तीन वर्षं त्याचं सगळं बघतो. प्रवास, हॉटेलं, प्रायोजकांशी बोलणं, बिलं, सगळं त्याच्याकडे. त्याला महिना ४,००० डॉलर पगार देतो. बँकेचा पासवर्ड आणि डेबिट कार्ड मुलानेच त्याच्याकडे दिलं होतं. मागच्या महिन्यात कळलं की १४ महिन्यांत त्याने ८४,००० डॉलर काढले आणि सट्ट्यात घालवले. विचारल्यावर रडला, सगळं कबूल केलं. बुकीचे अजून ६०,००० डॉलर द्यायचे आहेत, ते आम्ही भरले तर सगळे मिळून १,४४,००० तो दरमहा २,००० असे फेडेल म्हणतो. मुलाकडे बँकेत १,५०,००० आहेत, त्यातले ४५,००० करासाठी काढून ठेवलेत. खेळाचा वर्षाचा खर्च ९०,००० च्या आसपास. मुलाला पैसे द्यायचेत. तो मुलगाही माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालाय, मला काही सुचत नाही. द्यावेत का?

उत्तर:

ताई, ६०,००० डॉलर देऊ नका. पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण पुढचं वाचून होईपर्यंत मुलाने ते पाठवून टाकलेले नसावेत. आणि हप्त्यांचा कागदही आज करू नका. त्याने समोर ठेवला तरी सही नको.

आधी हप्त्यांचं बघू. १,४४,००० डॉलर महिना २,००० ने फेडायला ७२ महिने लागतात, म्हणजे सहा वर्षं, तीही व्याज न धरता. पण ते २,००० येणार कुठून? त्याची कमाई म्हणजे तुमच्या मुलाने दिलेला पगार. त्याला कामावर ठेवलं तर तुमचा मुलगा महिन्याला ४,००० देणार आणि त्यातलेच २,००० 'परतफेड' म्हणून परत घेणार. स्वतःचेच पैसे फिरून घरी येतील आणि वाटेल की कर्ज फिटतंय. कामावरून काढलं, तर दुसरी नोकरी मिळेपर्यंत हप्ता शून्य. दोन्हीकडून या योजनेत बाहेरचा एक डॉलरही येत नाही.

आता मुलाची बाजू. १,५०,००० मधले ४५,००० सरकारचे आहेत, ते मोजायचेच नाहीत. त्याच्या बक्षिसांवर नोकरदारासारखा कर आधी कापला जात नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत अंदाजे कराचे हप्ते त्यालाच भरावे लागतात, आणि चुकले की दंड. म्हणजे हातात आहेत १,०५,०००. त्यातून ६०,००० गेले की उरले ४५,०००, सहा महिन्यांचा खर्च. मनगट दुखावलं आणि एक हंगाम हुकला, तर सातव्या महिन्यात तो करासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावेल. माझ्याकडे येणाऱ्या तरुण खेळाडूंना मी किमान वर्षभराचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो. तुमच्या मुलाकडे तो आज आहे. तो त्याने कष्टाने जमवलाय, मोडायला लावू नका.

पण माझा 'नको' फक्त या हिशोबावर उभा नाही. पैसे भरले की झालेल्या गोष्टीचं नावच बदलतं. आज जे घडलंय ती चोरी आहे. उद्या मुलाने बुकीचे पैसे स्वतःच्या खात्यातून भरले आणि ८४,००० धरून हप्त्यांचा कागद केला, की ते कर्ज होतं, मुलाने समजून उमजून दिलेलं. हा फरक किती मोठा आहे, ते तुमच्याच राज्यात घडलेल्या एका प्रकरणात दिसतं.

शोहेई ओहतानीचं नाव तुमच्या घरी माहीत असेलच. जपानमधून आलेला हा बेसबॉलपटू २०१८ मध्ये एंजल्स या अमेरिकी संघाकडे आला, तेव्हा त्याच्यासोबत इप्पे मिझुहारा हा दुभाषा होता. नुसता दुभाषा नव्हे. गाडी चालवणं, निरोप पोचवणं, सरावात सोबत, रोजचे व्यवहार, सगळं तोच. ओहतानीला इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्याच वर्षी ॲरिझोनामध्ये बँकेत पगाराचं खातं उघडायला मिझुहाराच सोबत गेला. पुढे त्याने त्या खात्यावरचा संपर्काचा फोन नंबर आणि ईमेल बदलून स्वतःचा घातला. बँक विचारायला फोन करी तो त्यालाच, आणि तो फोनवर 'मी ओहतानी बोलतोय' असं सांगून व्यवहार मंजूर करवून घेई. ओहतानीचा एजंट, हिशोबनीस आणि आर्थिक सल्लागार हे खातं बघायला मागत, तर तो म्हणे, ओहतानीला हे खातं खासगी ठेवायचंय. दोन्ही बाजूंना भाषा कळत नव्हती आणि मधे एकटा तो उभा होता.

नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त त्या खात्यातून गेले. सरकारी वकिलांनी मांडलेल्या हिशोबात सुमारे १९,००० पैजा होत्या, म्हणजे दिवसाला साधारण २५. जिंकलेले १४ कोटी २० लाख डॉलर, हरलेले १८ कोटी ३० लाखांच्या घरात. हे दोन आकडे मुलाला दाखवा, ताई. मिझुहारा थोडाथोडका जिंकला नव्हता. १४ कोटी डॉलर जिंकणारा माणूसही ४ कोटींनी बुडाला, कारण जिंकलेलं सगळं पुन्हा पैजेवर लागत होतं. अशा माणसाच्या हाती आलेला पैसा देणं फेडायला थांबत नाही. तुमचे ६०,००० कदाचित बुकीपर्यंत पोचतीलही. पण त्यानंतर बुकीकडे त्या मित्राची पत पुन्हा मोकळी होईल, आणि 'फक्त एकदा, सगळं भरून काढतो' हा विचार त्याच रात्री येईल.

मार्च २०२४ मध्ये ओहतानीचा नवा संघ डॉजर्स दक्षिण कोरियात सोलमध्ये हंगाम सुरू करत असताना प्रकरण फुटलं. बेकायदा बुकीच्या तपासात पैसे आले होते ते ओहतानीच्या नावाच्या खात्यातून, म्हणून पहिलं नाव त्याचंच आलं. आणि मिझुहाराने सुरुवातीला काय सांगितलं? ओहतानीने माझं कर्ज आपणहून फेडलं, मित्र म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्याने ते मागे घेतलं. ओहतानीला सट्ट्याची कल्पनाच नव्हती, असं तपासातही निघालं. पण ती पहिली गोष्ट खरी असती तर? कॅलिफोर्नियात खेळांवरचा सट्टा बेकायदाच आहे. मग ओहतानी फसवला गेलेला खेळाडू न राहता बेकायदा बुकीला जाणूनबुजून पैसे पाठवणारा खेळाडू ठरला असता. त्याला ज्या एका गोष्टीने वाचवलं, ती ही की त्याने पैसे दिलेच नव्हते.

तुमचा मुलगा आज ओहतानीच्या जागी आहे. ६०,००० पाठवले की तो मिझुहाराच्या त्या पहिल्या, खोट्या गोष्टीतला ओहतानी होईल, फक्त ती खरी असेल. टेनिसमध्ये सट्ट्याशी खेळाडूचा संबंध आला तर संघटना किती कडक होतात, हे तो मला सांगू शकेल. खेळाडूच्या नावावरून बुकीकडे गेलेली ६०,००० ची एक नोंद त्याच्या पुढच्या दहा वर्षांची वाट लावायला पुरेल.

कराच्या बाजूनेही हेच. परत घ्यायचं न ठरवता कुणाचं देणं भरणं ही भेट धरली जाते. २०२५ साठी एका व्यक्तीला १९,००० डॉलरच्या वर गेलं की वेगळा फॉर्म भरावा लागतो. कर लागेलच असं नाही, पण सरकारदरबारी मुलाच्या सहीने लिहून जातं की हे त्याने दिले. उलट ८४,००० चोरीला गेलेत असं नीट नोंदवलं, तर त्यांची एक शक्यता शिल्लक राहते. घरगुती पैशाच्या चोरीची वजावट २०१८ पासून बहुतेकांना मिळत नाही. व्यवसायाच्या पैशाची चोरी वेगळी मोजतात, आणि तुमचा मुलगा स्वतःचा व्यवसाय करतो. ते खातं खेळाच्या खर्चाचं होतं की घरचं, कार्डावर काय काय गेलं, हे त्याने सीपीएला, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या परवानाधारक हिशोबनीसाला, आत्ताच दाखवावं. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल: चोरी होती की उधार दिले होते? हप्त्यांचा कागद असेल तर उत्तर तिथेच लिहिलेलं असेल. म्हणून सीपीए आणि वकील या दोघांनी बघितल्याशिवाय कशावरही सही नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. चोरलेला पैसा हाही चोरणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर कर लागतो. मिझुहारावरच्या दोन आरोपांपैकी एक बँकेच्या फसवणुकीचा होता आणि दुसरा खोट्या विवरणपत्राचा, कारण २०२२ मध्ये त्याने ४१ लाख डॉलरचं उत्पन्न दाखवलं नव्हतं. तुमच्या मुलाच्या मित्राच्या मागेही कर खातं लागू शकतं, आणि त्याच्या कुठल्याही हप्त्यापुढे ते आधी उभं असेल.

वसुलीबद्दल खरं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिझुहाराला ५७ महिन्यांची शिक्षा झाली आणि ओहतानीला १,६९,७५,०१० डॉलर परत द्यायचा आदेश झाला. डॉजर्सकडे त्याचा वर्षाचा पगार ५ लाख डॉलर होता, तो पूर्ण दिला असता तरी ३४ वर्षं लागली असती, आणि आता तो पगारही नाही. ओहतानीला हे सोसलं, त्याचा करार ७० कोटी डॉलरचा आहे. तुमच्या मुलाने ८४,००० परत येतील असं धरून एकही बेत करू नये. आले तर आले. वर्षाचा हिशोब ते गेले असं समजूनच बसवा.

आता बँक. इथे तुमची बाजू ओहतानीपेक्षा कमकुवत आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ओहतानीच्या नावाने दुसरा कुणी बोलला होता. तुमच्या मुलाने कार्ड आणि पासवर्ड स्वतः दिला. अमेरिकी नियमात, ज्याला तुम्हीच कार्ड दिलं त्याने केलेले व्यवहार तुमच्या परवानगीचेच धरले जातात, जोपर्यंत तुम्ही बँकेला 'आता याला परवानगी नाही' असं कळवत नाही. म्हणजे आजवरचे ८४,००० बँकेकडून मिळणं अवघड आहे, पण कळवल्यानंतर त्याने काढलं तर ते बँकेच्या अंगावर येऊ शकतं. महिना उलटून गेलाय आणि कार्ड अजून त्याच्याकडे आहे की नाही, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटली.

म्हणून कार्ड बंद. नवं खातं, नवा पासवर्ड. जुन्या खात्यावर कुठला फोन नंबर आणि कुठला ईमेल नोंदवलाय ते वाचून घ्यायचं, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश मुलाच्याच फोनवर. यापुढे ज्याच्या हातात खर्च असेल त्याच्याकडे मर्यादा घातलेलं वेगळं कार्ड, आणि महिन्याचं स्टेटमेंट त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे थेट जायला हवं. तुमच्याकडे आलं तरी चालेल. तुम्हाला टेनिसचे हिशोब कळायची गरज नाही. अनोळखी नाव दिसलं की 'हे काय?' एवढं विचारलंत तरी पुरे.

त्या पोराचं काय, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. त्याला टाकून द्या असं मी म्हणणार नाही. जुगाराचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस या संघटनेची सुरुवात १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच झाली, त्यांच्या बैठकांना पैसे लागत नाहीत. समुपदेशकाची फी द्यावीशी वाटली तर ५,००० डॉलरपर्यंत जरूर द्या, पण त्याच्या हातात नाही, थेट समुपदेशकाला. उपचाराचे पैसे असे थेट दिले तर ते त्या १९,००० च्या भेटीत मोजले जात नाहीत. बुकी धमकावत असेल तर त्याने पोलिसांकडे जावं, तुमच्या मुलाने मधे पडू नये. बेकायदा बुकी वसुलीसाठी न्यायालयात जाऊ शकत नाही, म्हणून तो घाबरवून वसूल करतो, आणि एकदा खेळाडूने पैसे दिले की त्याला कळतं की पैसा कुठे आहे.

तक्रार करायची की नाही, हे वकिलाशी बोलून तुम्ही दोघांनी ठरवा. तो निर्णय माझा नाही आणि आज संध्याकाळपर्यंत घ्यायलाच हवा असंही नाही. बँकेचा फोन मात्र आजच. तो मुलाने स्वतः करावा, स्वतःच्या फोनवरून. मित्र शेजारी बसून 'मी बोलतो, तू थांब' म्हणाला, तरी फोन त्याच्या हातात देऊ नये.