ध्रुवीय किनाऱ्यावरच्या सागरी जीवांवर काम करायचं असेल तर करिअर कसं असतं?

तुम्ही विचारलंय की प्राणिशास्त्रातली पदवी झाली आहे, आर्क्टिक किंवा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी आणि वर्षातला किती काळ बर्फात जातो. मी समुद्रतळावरच्या अपृष्ठवंशी प्राण्यांवर काम करते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं. बर्फात फार थोडा काळ जातो. मोहीम काही आठवड्यांची असते, फार तर काही महिन्यांची, आणि दरवर्षी मिळेलच असं नाही. हिवाळाभर संशोधन तळावर राहणाऱ्या सहायकांच्या मोजक्या जागा असतात, तो अपवाद. बाकी सगळं वर्ष मायक्रोस्कोप, संगणक आणि निधीचे अर्ज.

म्हणून माझा सल्ला असा की आधी प्राणी निवडा, ध्रुव नंतर बघू. संशोधन तळावर खाटा मोजक्या, बोटीत जागा त्याहून मोजक्या. ‘मला अंटार्क्टिकाची ओढ आहे’ म्हणणारे शेकड्यांनी असतात. पॉलिकीट कृमी (अंगावर राठ केस असलेले वळ्यांचे समुद्री कृमी), ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे चिमुकले प्राणी) किंवा समुद्री कोळी समोर ठेवला की त्याची जात सांगणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके, आणि मोहिमेच्या प्रमुखाला तेच हवे असतात.

काम कसं चालतं ते सांगते. फियोर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खोल खाडीत, छोट्या बोटीवरून ग्रॅब सोडतात. हा लोखंडी जबडा तळाला टेकला की मिटतो आणि 0.1 चौरस मीटरचा गाळ उचलून आणतो. तो अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीवर घेऊन समुद्राच्याच पाण्याने हलक्या हाताने धुवायचा. पाण्याचा जोर जास्त झाला की कृमींचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांमधली फक्त डोकी मोजायची असा नियम आहे. शेपट्या कितीही असोत, त्या धरायच्या नाहीत. चाळणीत उरलेलं फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातं. पुढे प्रयोगशाळेत त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग घातला की पकडताना जिवंत असलेले प्राणी गुलाबी होतात, वाळू आणि रिकामे शंख साधारण तसेच राहतात. मग चिमट्याने एकेक वेगळा काढायचा आणि शरीराच्या कोणत्या वळ्यावर कोणत्या आकाराचे राठ केस आहेत ते बघून जात ठरवायची. याचा कंटाळा येणार असेल तर तो आत्ताच, पीएचडीला नाव घालण्याआधी, येऊन गेलेला बरा.

एका प्राण्याच्या जोरावर किती लांब जाता येतं, याचं माझ्या आवडीचं उदाहरण आर्थर डीव्हरीज यांचं. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधलं पाणी उणे 1.9 अंश सेल्सियसला असतं. बहुतेक माशांचं रक्त त्याच्या कितीतरी आधी, उणे एक अंशाच्या अलीकडेच, गोठायला हवं. मग तिथले मासे बर्फाच्या कणांमध्ये पोहतात कसे? डीव्हरीज यांनी 1960च्या दशकात त्यांच्या रक्तात बर्फाच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखणारी ग्लायकोप्रथिनं शोधली आणि पुढे कित्येक दशकं त्याच माशांवर काम केलं. प्रश्न साधा होता, फक्त तो नेमक्या माशाला विचारला होता.

आता वेळेचा हिशेब. थंड पाण्यात सगळं संथ चालतं. अंटार्क्टिकातल्या स्टेरेकायनस या सी-अर्चिनची (गोल, काटेरी समुद्री प्राण्याची) अळी तळावर बसण्याइतकी वाढायला जवळपास चार महिने घेते. गरम समुद्रात याच कामाला बहुधा काही आठवडे पुरतात. तुमचा निधी तीन वर्षांचा आणि प्राणी असा, तर एका प्रकल्पात फारसं काही घडताना दिसत नाही. म्हणून आधीच्या लोकांनी जमवलेल्या दीर्घ नोंदींना सोन्याचं मोल असतं. अंटार्क्टिकातल्या ब्रिटिशांच्या रॉथेरा संशोधन तळाजवळ 1997 पासून समुद्राच्या सलग नोंदी ठेवल्या जातात. तिथेच 2003 पासून 5, 10 आणि 25 मीटर खोलीवर छोटे खुणेचे ठोकळे बसवून त्यातले किती हिमनगांनी चिरडले ते दरवर्षी मोजलं गेलं. निष्कर्ष वरवर उलटा वाटतो: हिवाळ्यात समुद्र जितके कमी दिवस गोठलेला, तितके तळावर हिमनगांचे घाव जास्त. कारण गोठलेला समुद्र हिमनगांना जागच्या जागी धरून ठेवतो. तो फुटला की ते मोकळे सुटतात आणि उथळ तळ खरवडून काढतात. म्हणजे बर्फ घटला की किनाऱ्यावरच्या जीवांना निवांतपणा मिळतो, हा समज तिथे पार कोसळतो. हे कळलं ते दरवर्षी कुणीतरी खाली जाऊन ठोकळे मोजत राहिलं म्हणून.

खाली जाण्यावरून आठवलं, डायव्हिंग सगळ्यांना यायलाच हवं असं नाही. येत असेल तर दार लवकर उघडतं, पण ध्रुवीय डायव्हिंग ही वेगळीच शाळा आहे. अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट तर लागतोच. शिवाय पाण्यात शिरण्याआधी वरच्या थंड हवेत रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणाऱ्या उपकरणातून) श्वास सोडायचा नाही, कारण श्वासातली वाफ आत गोठते, झडप उघडी अडकते आणि सिलिंडरमधली हवा भसाभसा वाहून जाते. म्हणून दोन स्वतंत्र रेग्युलेटर बाळगतात. डुबकी कधी संपवायची हे बहुतेक वेळा गारठलेली बोटं ठरवतात, हवा नाही. धोका खरा आहे: रॉथेराजवळ 2003 मध्ये किर्स्टी ब्राऊन ही तरुण सागरी जीवशास्त्रज्ञ स्नॉर्केलिंग करताना लेपर्ड सीलच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पाण्यावर नजर ठेवणारा माणूस तळावर फार गांभीर्याने घेतला जातो. आर्क्टिकात त्याची जागा अस्वलावर नजर ठेवणारा घेतो. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहात वस्तीबाहेर जायचं तर ध्रुवीय अस्वलाला पिटाळण्याचं साधन जवळ असावं लागतं.

दोन ध्रुवांपैकी नवख्याला मी आर्क्टिकच सुचवेन. पोहोचणं सोपं, आणि बदल डोळ्यांदेखत चाललेत. स्वालबार्डच्या किनाऱ्यावर निळा मसल शिंपला सुमारे हजार वर्षांनी, 2004 मध्ये, पुन्हा सापडला. ध्रुवीय रात्रीत सगळे जीव निपचित असतात असं पूर्वी गृहीत धरलं जायचं. स्वालबार्डच्याच कॉंग्सफियोर्डमध्ये भर जानेवारीत केलेल्या कामाने, जे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं, ते खोडून काढलं. अंधारातही खाणं, वाढ, प्रजनन चालू होतं. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची एक आर्क्टिक जात तर उन्हाळ्यात साठवलेल्या अन्नावर हिवाळ्याच्या अंधारातच नवं पान वाढवते. त्या फियोर्डच्या काठावर न्यू-ऑलेसुंड इथे नॉर्वे, जर्मनी-फ्रान्स, ब्रिटन, भारत, जपान, कोरिया, चीन अशा अनेक देशांची केंद्रं शेजारी-शेजारी आहेत. स्वालबार्डमधल्याच लाँगियरब्येन गावात आर्क्टिक जीवशास्त्राचे अभ्यासक्रम चालवणारं विद्यापीठ केंद्र आहे, तिथे जगभरातले विद्यार्थी येतात. अंटार्क्टिकात कागदपत्रं जास्त: 1991च्या माद्रिद करारामुळे प्रत्येक मोहिमेचं पर्यावरणीय मूल्यमापन आधी करावं लागतं, आणि सील-पेंग्विनला हात लावायला परवाना हवा.

नोकरीचं स्पष्टच सांगते. थंडीला माणूस सरावतो, कंत्राटांना सरावणं अवघड. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या, बहुधा दर वेळी वेगळ्या देशात, आणि कायमच्या जागा कमी. घर, जोडीदार, म्हातारे आईवडील यांचा विचार प्रत्येक टप्प्यावर पुन्हा करावा लागतो. सगळेच टिकत नाहीत. पण प्राणी ओळखण्याची विद्या वाया जात नाही, संग्रहालयं आणि पर्यावरण सल्लागार संस्था तिला कायम शोधत असतात. सोबत संख्याशास्त्र आणि ‘आर’ (R) या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेतलं प्रोग्रॅमिंग शिकून घ्या. आमच्याकडे त्याशिवाय पान हलत नाही.

सुरुवात म्हणाल तर एमएस्सीच्या प्रबंधासाठी मोहीम मागू नका, जुने नमुने मागा. संस्थांच्या कपाटांत आधीच्या मोहिमांच्या बाटल्या न उघडता पडलेल्या असतात, कारण बसून निवडायला माणूस नसतो. ज्यांच्या कामावर तुम्हाला खरंच काही विचारायचंय अशा संशोधकाला छोटा मेल लिहा: मी अमुक गटाची ओळख शिकले/शिकलो आहे, तुमच्याकडे न निवडलेले नमुने आहेत का? प्रवासाचा विषय त्यात काढूच नका. आणि अंटार्क्टिकावाल्यांना शक्यतो डिसेंबर-जानेवारीत लिहू नका, तो त्यांचा मोहिमेचा काळ. मार्चनंतर लिहिलंत तर उत्तर यायची शक्यता बरी.